पाणी जास्त झालं नव्हतं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच नाही. तुम्हाला काहून सांगून राहिलो, तेही नीट कळत नाही. पण सुरू केलंय तर आता ऐकून घ्या.

शहराबाहेर एका प्रयोगशाळेत मी मदतनीस होतो. काम गव्हावर पडणाऱ्या तांबेरा रोगाचं. आमच्या इकडे त्याला गेरुआ म्हणतात. दिसायला सगळा सारखाच — काडीवर, पानावर लालसर भुकटी, पुसली तर बोटाला लागते. पण त्याचीही वाणं असतात हो! त्याच्या जनुकात एवढासा फरक पडला, की जो तांबेरा एखाद्या गव्हावर नुसते फिकट ठिपके उमटवून मरून जायचा, तोच त्या गव्हाला उभा जाळतो. डोळ्यांनी हे ओळखता येत नाही. म्हणून कुंडीत रोपं लावायची, ओल्या बोटांनी त्यांना ती भुकटी चोळायची अन् चौदा दिवस वाट पाहायची. ठिपके आले तर गहू वाचला. फोड आले तर गेला.

दोन खोल्यांत दोन वाणं असायची. एकीतून दुसरीत जाताना कोपरापर्यंत साबणानं हात धुवायचे, अंगातला कोट बदलायचा, हा तिथला धर्मच. नाहीतर बोटांवरून वाणांची सरमिसळ होते. मी एकदा विसरलो होतो. साहेब म्हणाले होते, "अगली बार हुआ तो घर बैठना." मी तात्पुरता होतो, अन् कायम होण्याचा कागद नुकताच वर गेला होता.

आता भाऊजी. ताईचे यजमान. साधा माणूस — इतका साधा, की मला त्यांचा राग यायचा. पासष्टच्या लढाईत तोफगोळ्यांच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या करता करता यंत्रात उजव्या हाताची तीन बोटं गेली त्यांची. मग शहराजवळच पाटणकडे वडिलांची जमीन होती, तिथं शेती करू लागले. उरलेल्या दोन बोटांनी पेरायचेसुद्धा! ताई म्हणायची, कारखान्यापेक्षा इथं जास्त हसतात.

एकाहत्तरच्या फाल्गुनात ते माझ्याकडे आले, वर्तमानपत्रात काही काड्या गुंडाळून. नव्या बुटक्या गव्हाच्या चार ओळी त्यांनी करून पाहिल्या होत्या, त्यातल्याच त्या काड्या. त्या गव्हाला तांबेरा लागत नाही, असं आमचंच सांगणं. म्हणाले, "मधू, हा गेरुआ वेगळा वाटून राहिला मला. बघ ना जरा. तू पेर म्हटलं, तर औंदा सगळ्या वावरात हाच पेरतो."

त्याच नव्या गव्हाची रोपं कुंडीत लावून मी तो चोळला. चौदाव्या दिवशी पाहतो तर फोड. मोठे, फुटलेले, लाल.

चोळला त्या दिवशी, दुसऱ्या खोलीतून येताना, मी हात धुतले होते का? आठवेना. खरंच आठवेना. साहेबांना दाखवलं असतं तर पहिला प्रश्न तोच आला असता. मी रोपं उपटली, चहाच्या सिगडीत घातली अन् नोंदवहीत लिहिलं — फक्त ठिपके. भाऊजींना निरोप धाडला, जुनाच तांबेरा आहे, बिनधास्त पेरा.

घाबरलो, चूक झाली — इथवर सांगून थांबलो, तर तुम्ही मला माफही कराल.

पण थांबा. खरी गोष्ट अजून सांगितलीच नाही मी. दुसऱ्या खोलीतलं वाण त्या गव्हावर फोड आणूच शकत नव्हतं. शंभरदा चोळून पाहिलेलं होतं. म्हणजे हात धुतले काय, न धुतले काय, ते फोड त्याचे नव्हतेच. ते भाऊजींच्या काड्यांवरच्या नव्या वाणाचे होते. हे मला कधी कळलं? नंतर? नाही. सिगडीपाशी उभा होतो ना, रोपं हातात होती — तेव्हाच कळलं होतं. अन् तरी घातली.

त्या हिवाळ्यात लढाई झाली, कारखान्याचे भोंगे रात्रंदिवस वाजले, सगळे आपल्या घाईत. गहू छातीला छाती लावून उभा होता. माघात तांबेरा आला अन् पंधरा दिवसांत वावर लाल झालं. भाऊजी बांधावरून चालले तर धोतर लाल. काड्या मोडल्या, दाणे जिऱ्यासारखे निघाले. आजूबाजूच्यांचंही गेलं, ज्यांनी त्यांचं पाहून पेरलं होतं त्यांचं.

साहेब पाहायला आले. मी सोबत होतो. साहेबांनी कारण विचारलं अन् माझ्या तोंडून निघालं, पाणी जास्त झालं असणार, ओलीनं तांबेरा चढला. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली. "झालं असेल. मला अंदाजच नाही."

जमीन बटाईनं, पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिली त्यांनी. शहरात दीक्षितपुऱ्यात एक खोली घेतली अन् एका गोदामाच्या फाटकावर बसू लागले. माझा कायमचा कागद त्याच उन्हाळ्यात आला. पेढे घेऊन गेलो होतो मी त्यांच्याकडे — हो, इतका निर्लज्ज. पेढा हातात धरून त्यांनी विचारलं, "पाणीच जास्त झालं होतं ना रे?" मी हो म्हणालो. पुढे दरवर्षी थंडी पडली की विचारायचे. दरवर्षी मी हो म्हणालो. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही विचारलं त्यांनी. तेव्हा तरी? नाही. तेव्हाही हो.

ताईच्या दारात डब्यात लावलेला मोगरा आहे. त्याला ती भाऊजींना कधी हात लावू द्यायची नाही. "राहू द्या जी, तुमच्यानं जास्त होते," म्हणायची, अन् ते लोटा खाली ठेवायचे.

परवा गेलो होतो तिच्याकडे. तिनं वाटीनं मोजून मोगऱ्याला पाणी घातलं अन् म्हणाली, "यांना कधी अंदाजच नव्हता बघ पाण्याचा." मी चहा प्यायलो, कप विसळून ठेवला अन् घरी आलो.