‘नाही’ नसलेली वही

आमच्या विद्यापीठात अबू यझनने कधी कुणाला ‘नाही’ म्हटल्याचं ऐकिवात नव्हतं. मादबाच्या बाजारात कुणी सडके टोमॅटो पुढे केले तरी हा छातीवर हात ठेवायचा, नजर खाली घालायचा, एक लांब उसासा सोडायचा आणि म्हणायचा, “इन्शाल्ला, खैर होईल.” टोमॅटोवाला समजायचा आणि टोमॅटो मागे घ्यायचा. मेहुणा गाडी मागायला आला तेव्हाही याने तेच केलं. मेहुणा परदेशात वाढलेला, त्याला उसासा कळला नाही. तो अजून गाडीची वाट बघतोय.

त्याचं खरं नाव मुंझिर, पण ते फक्त पगारपत्रकावर; थोरला यझन, म्हणून बाप अबू यझन आणि आई उम्म यझन. प्रवेशखात्याच्या खिडकीत बसून त्याने आमच्या भागातल्या निम्म्या घरांतली पोरं विद्यापीठात घातली आणि उरलेल्या निम्म्यांना इतक्या मायेने परत पाठवलं की तीही याला ईदचा नमस्कार करायला यायची. उसासा हेच त्याचं सगळं भांडवल. तो ऐकला की धनगराला कळायचं, शाळामास्तरला कळायचं, की पोराचे गुण कमी पडतायत, दुसरीकडे बघा.

यंदा नवे कुलसचिव आले, डॉक्टर लबीब. शिस्तीचा माणूस. टायसुद्धा पट्टी लावून बांधल्यासारखा. त्यांच्या लक्षात आलं की बारावीचा निकाल लागला की खिडकीवरचे तीन प्रतिनिधी एकाच बापाला तीन उत्तरं देतात. सिहाम म्हणते फी हप्त्याने चालेल, रघद म्हणते चालणार नाही, आणि अबू यझन म्हणतो आधी कॉफी घ्या. डॉक्टरांनी हुकूम काढला: संदर्भवही करा. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. प्रतिनिधीने ते हसतमुखाने, लिहिलंय तसं वाचायचं. करणार कोण, तर जुना म्हणून अबू यझन.

माणूस नुसता फुलला. रंगीत पट्ट्या आणल्या. मुलींच्या वसतिगृहात गरम पाणी कधी येतं, कुवेतहून शिकून आलेल्या पोराचा दाखला कुठे तपासून घ्यायचा, भावाने भेटायला यायचं तर कुठे बसायचं, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. मी बसखात्यात. माझ्याकडून गाड्यांच्या वेळा लिहून घेतल्या आणि प्रत्येक वेळेपुढे ‘इन्शाल्ला’ घातलं. मी म्हटलं, अरे, गाड्या माझ्या आहेत, सुटतात त्या वेळेवर. तर म्हणाला, तुझ्या गाड्यांचं मला माहीत आहे म्हणूनच लिहिलं.

एका पानावर प्रश्न होता: गुण कमी असतील तर? त्याखाली त्याने आयुष्यभर जे म्हटलं तेच लिहिलं: ‘इन्शाल्ला, खैर होईल. अर्ज ठेवून जा.’ उसासा वहीत लिहिता येत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. डॉक्टरांच्याही आलं नाही. त्यांनी पान बघितलं आणि मजकूर सौम्य आहे म्हणून शेरा मारला.

सिहाम आणि रघद अम्मानच्या पोरी, गुणी, हुकमाच्या ताबेदार. निकालाच्या आठवड्यात दोघींनी हसतमुखाने ते पान वाचलं. आणि ज्याच्या-त्याच्या आजोबाने ऐकलं की सरकारी शिक्क्याच्या वहीत बघून पोरीने शब्द दिलाय.

मिठाया यायला लागल्या. अबू यझनने पहिल्या ताटातला चिजाचा कुनाफा तोंडात घातला आणि मग विचारलं, हे कशाबद्दल? धीबान गावच्या हाजी मुत्लकांकडून आलंय, सिहाम म्हणाली, नात रहीकचं फार्मसीत पक्कं झालं म्हणून. त्याने दुसरा घास ताटात परत ठेवला. रहीकचा अर्ज त्याला आठवत होता. फार्मसीच्या किमान गुणांना ती थोडक्यात, पण नक्की कमी पडत होती, आणि ती रेघ मंत्रालयाची. ती पुसायचा अधिकार डॉक्टर लबीबांनाही नव्हता.

बाकीच्या घरांना अजून वेळ होता, त्यांना निवांत समजावता आलं असतं. रहीकला नव्हता. ताट आणणाऱ्या पोराकडून सिहामला कळलं, करकच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता आणि जागा घेतो म्हणून सही करायची शेवटची मुदत त्याच दुपारची होती. फार्मसी मिळाली या आनंदात घरच्यांनी ते पत्र बाजूला टाकलं होतं. खासगीत दुसरीकडे घालायची ऐपत त्या घरात नव्हती. आज सही झाली नाही तर पोरीचं वर्ष गेलं, आणि त्या गावात मुलीचं वर्ष गेलं की पुढच्या वर्षी तिच्याबद्दल बोलणी वेगळीच होतात.

त्याने फोन लावला. मी समोर बसून ऐकत होतो. हाजींची तब्येत विचारली, गुडघा विचारला, शेळ्या विचारल्या, पावसाचं विचारलं. मग म्हणाला, इन्शाल्ला हाजी, खैर होईल. आणि फोन ठेवला.

“आशीर्वाद दिले मला,” तो म्हणाला.

मी किल्ली उचलली. “चल. गाडीत बस.”

वाटेत मी त्याला म्हणून दाखवायला लावलं. नुसतं ‘नाही’. तीन अक्षरं नाहीत त्यात, म्हटलं, दोनच आहेत. तो खिडकीबाहेर बघत ओठ हलवायचा, आवाज फुटायचा नाही. शेवटी म्हणाला, “बाबा रे, तिच्या बापाची मयत मी खांद्यावर घेतली होती. त्याच दारात जाऊन म्हणू?”

“तिथेच जाऊन म्हण. दुसरीकडे कुणाला उपयोग नाही.”

हाजींची बैठक माणसांनी भरलेली. चुलते, मामा, शेजारी. भिंतीवर खिळ्याला रहीकचा नवा पांढरा कोट, शिंप्याकडून आणून टांगलेला. आम्हाला बघून सगळे उठले. अबू यझनला हाजींच्या उजवीकडे गादीवर बसवलं. कडू कॉफीचा छोटा पेला त्याच्या हातात आला.

त्याने पेला घेतला आणि न पिता जमिनीवर ठेवला.

बैठक गार पडली. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला माणूसच कॉफी खाली ठेवतो, आणि यजमानाने ‘मागितलं ते दिलं’ म्हटल्याशिवाय तोंडाला लावत नाही. शंभरातली नव्वद मागणी मुलीच्या हाताची असतात. चुलता नवाफ सरसावून बसला. पडद्याआड बांगड्या वाजल्या.

हाजींनी डोळे बारीक केले. “अबू यझन, घरी उम्म यझन ठणठणीत आहे ना?”

“अल्लाची कृपा आहे.”

“आणि तुझे दात?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. अबू यझन हसला नाही. बिचाऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. “तसलं मागणं नाही, हाजी. त्याहून अवघड आहे.”

म्हाताऱ्याने पेला उचलून त्याच्या हातात दिला. मग म्हणाला, “पी. मागितलंस ते दिलं.”

त्याने पेला एका घोटात संपवला. “माझं मागणं इतकंच की मी एक गोष्ट सांगतो, ती तुम्ही मला न हाकलता ऐकायची. रहीकला आमच्याकडे फार्मसी मिळणार नाही. परवाही मिळत नव्हती. वहीत मी लिहिलं ते चुकीचं लिहिलं, त्या पोरींचा दोष नाही. करकची मुदत आज संपतेय. आत्ता निघायला हवं.”

नवाफ ताडकन उठला आणि त्याने जे सुनावलं ते छापण्यासारखं नाही. मिठाई वाटली, आनंदाने बंदुकीच्या गोळ्या हवेत उडवल्या, आता तोंड कुठे घेऊन जायचं, याला इथेच पुरला पाहिजे, अशा अर्थाचं. हाजींनी हात वर केला. त्यांनी शब्द दिला होता. त्यांनी ऐकून घेतलं, पण अबू यझनकडून मान फिरवली ती नंतर त्याच्याकडे वळवली नाही.

पडदा सरला. रहीक दारात उभी. रडलेली नव्हती. तिने फक्त विचारलं, “करकचं ऑफिस कधी बंद होतं, काका?”

तिला मी सांगितलं आणि गाडीकडे धावलो.

हाजी पुढे, रहीक आणि अबू यझन मागे. मुजीबच्या दरीत रस्ता वळत-वळत तळाला उतरतो आणि तितकाच वळत चढतो, आणि त्या दिवशी आमच्यापुढे पाण्याची टाकी ओढणारा ट्रक होता. मी भोंगा वाजवला, दिवे मारले, एका वळणावर जिवावर उदार होऊन गाडी पुढे काढली. हाजी जपमाळ ओढत होते. अबू यझन मागून घड्याळ बघायचा आणि लगेच हात मांडीखाली घालायचा, जणू वेळ झाकून ठेवता येईल.

कॉलेजच्या खिडकीतली बाई पर्स खांद्याला लावत होती. तिने रहीकचं पत्र वाचलं, यादी काढली, नावावर बोट ठेवलं. दुपारपर्यंत कुणी आलं नाही म्हणून जागा पुढच्या मुलीला गेली, म्हणाली. तिची सही होऊन गेली. फार तर प्रतीक्षायादीत नाव घालते, एखादीने सोडली तर.

हाजी पहिल्यांदाच अबू यझनकडे वळले. “तू यातला माणूस आहेस. मिळेल का?”

त्याचा हात आपसूक छातीकडे गेला. मी ओळखलं, आता उसासा येणार. पण हात अर्ध्यावर थांबला आणि खाली आला.

“बहुतेक नाही, हाजी,” तो म्हणाला. “पण नाव घाला. आणि पुढच्या वर्षीचा अर्ज आजच घेऊन चला, तो मी स्वतः भरून आणून देईन.”

रहीकने फॉर्म ओढून घेतला आणि अबू यझनकडे न बघता पेनासाठी हात पसरला.