मागच्या दाराने

धायरीच्या एका मंगल कार्यालयातून कॉल आला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. मी अॅम्ब्युलन्सवरची डॉक्टर. सोबत फक्त आमचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, माझ्याहून जास्त मरणं पाहिलेला.

पेशंट पुऱ्या लाटायला आलेली बाई होती. स्वयंपाकघरात पिठाच्या पोत्याला टेकून बसली होती, घामाने चिंब. छातीत दुखत होतं, डावा हात जड झाला होता. ईसीजी काढला. हार्ट अटॅक, शंकाच नव्हती. गोळी चघळायला दिली, ऑक्सिजन लावला.

"मॅडम, कढईखालचा गॅस बंद करायला सांगा," ती म्हणाली. शुद्ध पूर्ण होती.

स्ट्रेचर हॉलमधून समोरच्या दाराने न्यायचं होतं, गाडी तिथेच उभी होती. एवढ्यात मॅनेजर आडवा आला. सफारी, कपाळावर गंध. "अहो डॉक्टर, मुहूर्ताला दहा मिनिटं आहेत. नवरीसमोरून हे नेणार का आपण? मागच्या दाराने न्या की."

हे. बाईला तो 'हे' म्हणाला.

मी त्याला बाजूला ढकलायला हवं होतं. मी म्हणाले, "बरं."

मागे खरकट्याचे पिंप ओळीने उभे होते. श्रीखंड आणि मठ्ठा सांडून आंबलेला चिखल. स्ट्रेचरचं चाक त्यात रुतलं. ड्रायव्हर गाडी फिरवून आणायला धावला, तर बोळात नवरदेवाची फुलांनी मढवलेली मोटार आडवी. ती हलेपर्यंत आठेक मिनिटं गेली. माशा बाईच्या ओठांवर बसत होत्या. तिच्याबरोबर लाटायला आलेल्या मावशी पदराने त्या हाकलत होत्या. आत मंगलाष्टकं सुरू झाली.

सिंहगड रोडवर तिची नाडी गेली. हॉस्पिटलपर्यंत मी छाती दाबत राहिले. माझ्या हातांना तिच्या अंगावरचं पीठ चिकटलं होतं. तिथेही त्यांनी अर्धा तास प्रयत्न केले. मग थांबले.

तिची मुलगी बुधवार पेठेतल्या एका दुकानात कामाला होती, तिथून तशीच रिक्षाने आली. विशीची असेल. तिने एकच विचारलं, "लगेच आणलं ना हो?"

"हो, लगेच."

त्यानंतर बेसिनपाशी मला ओकारी आली. मॅनेजरची किळस आलीच होती, पण तो निदान खोटं बोलला नव्हता. मी बोलले होते. घरी नवऱ्याने पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, "हात काढ." जेवणाचा वास सहन होईना. ऑफिसने एका समुपदेशक बाईंना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून समुद्रकिनारा आठवायला सांगितला. मला चिखलच दिसला, माशांसकट.

शेवटी ड्रायव्हरला सांगितलं. गाडी पुसता पुसता तो म्हणाला, "मॅडम, स्ट्रेचरचं पुढचं टोक माझ्या हातात होतं. मीही वळलोच ना? त्या दिवसापासून मला आरशात बघवत नाही." आम्ही दोघं पायरीवर बराच वेळ बसलो. त्याने माझी समजूत घातली नाही, त्याचे उपकार.

पंधराव्या दिवशी मी त्या मुलीला फोन केला. सगळं सांगितलं: दार, चिखल, मोटार, माझं 'बरं'. लवकर पोचलो असतो तर आई वाचलीच असती असं नाही, पण शक्यता होती, हेही सांगितलं.

ती म्हणाली, "मॅनेजरचं मावशींनी सांगितलं होतं. तुमचं नव्हतं माहीत."

"माफी मागायला फोन केला."

"मागितलीत ना? ठेवू आता?"

तिने फोन ठेवला. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. पण त्या संध्याकाळी मी आमटी-भात जेवले, आणि तो पोटात राहिला.