होडीतून आलेली गाडी

ती गाडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पाण्यावर होती. त्याआधी महिनाभर ती आमचीच होती, पण आमच्या घरातल्या कुणीही ती पाहिलेली नव्हती.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. बारामतीच्या कॉलेजातून मी बी.एस्सी. झालो होतो. बारामती-इंदापूर रस्त्यालगतच्या आमच्या वस्तीवर त्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे निकाल लागल्यापासून माझं नाव मागे पडलं आणि सगळे मला बीएस्सीच म्हणू लागले. 'काय बीएस्सी, म्हशीला पानी दावलं का?' असं विचारायचे. त्यात चेष्टा होती आणि कौतुकही होतं, आणि मला दोन्ही आवडायचं.

इंदापूरजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रावर मला नोकरी मिळण्याच्या बेतात होती. काम असं, की सकाळी गावोगावच्या संकलन केंद्रांवर जायचं, दुधाचे नमुने घ्यायचे, फॅट तपासायचं आणि टँकर निघायच्या आत परत यायचं. पहिली एसटी यायच्या आधी पाच गावं व्हायला हवीत. मुलाखत घेणारे साहेब सरळ माणूस होते. म्हणाले, दोन महिन्यांनी, एक तारखेला मोटारसायकल घेऊन हजर व्हा. नसेल तर तसं सांगा, यादीत तुमच्या खालच्या मुलाकडे गाडी आहे. मी घेऊन येतो म्हणालो. आमच्या घरी तेव्हा एक सायकल होती, आणि तिची चेन महिन्यातून दोनदा पडायची.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "बघू सांगून."

आबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं. कॅनॉलचं पाणी आल्यावर कळप कमी करत करत त्यांनी शेती धरली, पण खरेदी-विक्रीची रीत त्यांची कळपातलीच राहिली. दूरच्या कळपातलं जनावर ते कधी जाऊन बघत नसत. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर विचारणा करायची, उत्तरं मागवायची आणि शेवटी खोड विचारायची. खोड सांगून विकलेलं जनावर परत करता येत नाही. आणि ज्याला खोडच नाही असं मालक सांगतो, ते घ्यायचंच नाही.

पळसदेवकडून आठवडी बाजाराला मासे घेऊन येणारी एक मावशी आमच्या फाट्यावर एसटी बदलायची. तिच्याकडून कळलं, की धरणाच्या पलीकडच्या काठाला एका तात्यांची मोटारसायकल विकायची आहे. हे तात्या मूळचे जुन्या पळसदेवचे. धरणात गाव गेलं तेव्हा ते पाण्यापलीकडे, लेकीच्या गावाला राहायला गेले होते. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून गाडी काढायची होती. आबांनी लगेच मावशीबरोबर पहिला निरोप पाठवला. वय किती, आणि किती हातांतनं गेली?

पुढच्या बाजाराला उत्तर आलं. वय नऊ, हात एकच.

मग आबांनी पाय कसे आहेत ते विचारलं. मावशीला आधी हसू आवरेना, पण तिने टायरांबद्दल बरोबर विचारून आणलं. मागचा गेल्या साली नवा घातलेला, पुढचा अजून दोन वर्षं जाईल. खाते किती, म्हणजे पेट्रोल किती लागतं, हेही तिसऱ्या बाजाराला कळलं. गाडीचे कागद गाडीसोबत येतील, असा निरोप माझ्या आग्रहावरून आला. शेवटी आबांनी खोड विचारली. त्या दिवशी मावशी टोपली खाली न ठेवताच म्हणाली, "तात्या म्हनले, डावीकडं वढती. आन् गार सकाळी चार लाथा घातल्याबिगार उठत न्हाय."

आबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "घ्यायची," ते म्हणाले. किंमत त्यांनी जमवून ठेवलेल्या पैशांत बसली, आणि शब्द गेला.

रंग कुणी विचारला नाही. रंगावर जाणारं गिऱ्हाईक कच्चं असतं, असं आबांचं मत होतं, आणि कच्चं ठरायला नको म्हणून मीही गप्प बसलो. त्यामुळे रंग माझ्यावर सोपवल्यासारखा झाला. मी तिला काळी केली. दुपारी जेवण झालं, की लिंबाखाली पडून मी डोळे मिटायचो आणि काळी गाडी उसाच्या कडेने निघायची. ऊस दोन्ही बाजूंनी मागे सरकायचा. पाटाचं पाणी शेजारून धावायचं आणि मागे पडायचं. कधी मी तिच्यावरून थेट बारामतीच्या कॉलेजच्या फाटकातून आत जायचो, कधी नुसताच कॅनॉलच्या भरावावरून, ना कुठून ना कुठे. त्या गाडीला आवाज नव्हता, गिअर नव्हते, आणि ती कधी थांबायचीही नाही. तो महिना मी इतका फिरलो, की मला खरंच रस्त्यांचा सराव झाल्यासारखं वाटू लागलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी गाडी घ्यायला मी आणि आबा पळसदेवला गेलो. रस्त्याने वळसा फार मोठा पडला असता, म्हणून तात्या गाडी होडीतून आणणार होते, आणि गाडी पेलेल अशी होडी त्यांना त्याच दिवशी मिळाली होती. त्या उन्हाळ्यात पाणी पुष्कळ खाली गेलं होतं. एरवी पाण्यात असणारं जुनं देऊळ शिखरासकट बाहेर आलं होतं, आणि त्याच्याभोवती जुन्या गावाची जमीन उघडी पडली होती. घरं नव्हती. घरांची जोती होती, दगडी, गाळाने माखलेली, आणि त्यांच्यामधून गेलेले वाटांचे अस्पष्ट पट्टे. सकाळच्या धुरकट उजेडात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

त्या धूसर उजेडातून होडी आली. होडीच्या मधोमध, जाळ्याच्या दोरांनी दोन्ही बाजूंना ताणून बांधलेली मोटारसायकल उभी होती, आणि तिच्यावर पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा माणूस ताठ बसला होता, दोन्ही हात हँडलवर. होडीवाला मागे वल्हं मारत होता, पण दुरून वाटत होतं, की तात्याच गाडी चालवत पाण्यावरून येताहेत.

गाडी काळी नव्हती. निळी होती, उन्हाने विटलेली, टाकीच्या कडांना पत्र्याचा रंग आलेला. आता वाटतं मला वाईट वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. ती हळूहळू मोठी होत जवळ आली आणि महिनाभर फिरवलेली काळी गाडी मनातून आपसूक निघून गेली.

होडीवाल्याने आणि आम्ही मिळून ती उतरवली. तात्यांनी हाताने चाचपून किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "चला साहेब, बसा. दावा आमाला कसं चालवताय."

किल्ली हातात होती. मला मोटारसायकल चालवता येत नव्हती. कॉलेजात एका मित्राच्या मागे मी तीन-चारदा बसलो होतो, माझा अनुभव तेवढाच. ही गोष्ट मी लपवली होती असंही नाही. ती मला आठवलीच नव्हती. आबांनी गाडीबद्दल सगळं विचारलं, मला कुणी काही विचारलं नाही. शिकलेल्या पोराला येतच असणार, असं घरी सगळ्यांनी धरून चाललेलं, आणि लिंबाखाली मीही तेच धरून चाललो होतो. उद्या एक तारीख होती.

आबा माझ्याकडे बघत होते. "येती न्हवं चालवाय?" त्यांनी हळू विचारलं. मी मान खाली घातली.

मला वाटलं ते चिडतील, किंवा काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. गाडी ढकलत नेऊ, टेम्पो बघू, असं काहीतरी. आबा तात्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. "तात्या, तुमी गाडीची खोड सांगून दिली. आता आमची ऐका," ते म्हणाले. "पोराला चालवता येत न्हाय. आन् उद्या सकाळी त्याला तिच्यावर बसून नोकरीवर जायचंय."

होडीवाला मोठ्याने हसला. म्हणाला, "मग वल्हं शिकवा त्याला, तात्या, ते सोपं हाय." तात्या हसले नाहीत. डोळे बारीक करून माझ्या दिशेने पाहत राहिले. त्यांना माझा आकार तेवढा दिसत असावा.

"हायवेवर शिकवत न्हाय," ते शेवटी म्हणाले. "गावात शिकवतो."

गाव म्हणजे समोर पसरलेली ती जोती. आजूबाजूचा गाळ वरून वाळून भेगाळला होता, पण आत मऊ होता. जुन्या वाटा मात्र खाली दगडगोट्यांच्या होत्या, त्यांच्यावर चाक ठरत होतं. तात्या माझ्या मागे बसले आणि दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवून त्यांनी मला क्लच दाखवला. सोडायचा कसा, तर हातातलं पाखरू सोडावं तसा, घाई न करता. पहिल्या तीन-चार वेळा गाडी उडी मारून बंद पडली. किक मारून माझ्या पोटऱ्या दुखल्या. मग ती एकदम निघाली, आणि मागून तात्यांचा आवाज आला.

"सरळ. उजव्या अंगाला शिंप्याचं जोतं लागंल, तितनं डावीकडं."

"तिथं वाट दिसत नाही, तात्या."

"तुला दिसत न्हाय. मला बी न्हाय. वळ."

मी वळलो, आणि खाली दगड लागले. तात्या सांगत गेले, मी वळत गेलो. किराणा दुकान, तालीम, चावडीची ओसरी. ज्या जागी ते सांगत त्या जागी गाळ आणि शिंपले होते, आणि तरी वाट बरोबर लागत होती. गाडी डावीकडे ओढायची तेव्हा मी तिला हळूच उजवीकडे धरायला शिकलो. एकदा मात्र पलीकडे छान सपाट दिसलं म्हणून मी डोळ्यांवर विसंबून तिकडे गेलो. पुढचं चाक निम्मं आत गेलं आणि आम्ही दोघं अलगद आडवे झालो.

"तितं आड हुता," तात्या पडल्या पडल्या म्हणाले. "गाव व्हतं तवा बी तिकडं कुनी गाडी घालत नव्हतं."

आबा एका जोत्यावर काठीला टेकून उभे होते, कळप राखताना उभे राहत तसेच. प्रत्येक फेरीला ते आम्हाला नजरेने नेत आणि परत आणत.

ऊन वर आल्यावर तात्यांनी एका ठिकाणी गाडी थांबवायला सांगितली. ते उतरले, पायाने जमीन चाचपली आणि एका जोत्याच्या कडेला बसले. "आता येकटा जा," ते म्हणाले. "मी घरी थांबतो."

मी एकटा गेलो. शिंप्याच्या जोत्यापासून डावीकडे, दुकानापासून पुढे, देवळाला वळसा. पहिल्यांदा दुसरा गिअर पडला, मग तिसरा. दोन्ही बाजूंना पाण्यातून वर आलेलं गाव होतं, उन्हात वाळत असलेलं, आणि त्यातून जाणारा तो आवाज माझ्या गाडीचा होता. मी न बघितलेली घरं, न बघितलेली माणसं शेजारून जात होती. पाच फेऱ्या मारल्या. परत आलो तेव्हा तात्या त्या जोत्यावर अगदी घरातल्यासारखे मांडी घालून बसले होते, आणि आबा त्यांच्याशेजारी. दोघं कशाबद्दल बोलत होते ते मी विचारलं नाही.

दुपारी होडी परत निघाली. तात्यांनी कागद आबांच्या हातात दिले, टाकीवर एकदा हात ठेवला आणि होडीत जाऊन पाण्याकडे तोंड करून बसले. मी त्यांचे आभार मानले, पण धड मानले नाहीत. लाजेने घाईघाईत काहीतरी पुटपुटलो. पुढे मावशीबरोबर मी त्यांना निरोप पाठवला, पेढे पाठवले, नंतर ऑपरेशन चांगलं झाल्याचं कळलं तेव्हा पत्रही लिहिलं. तरी त्या काठावर जे बोलायला हवं होतं ते राहिलंच. आज या लिहिण्यात थोडंसं बोलतो आहे.

हायवे आम्ही गाडी ढकलत ओलांडला. मग आतल्या रस्त्याला आबा माझ्या मागे बसले. आयुष्यात ते पहिल्यांदाच मोटारसायकलवर बसत होते. लायसन माझ्याकडे नव्हतं, ते पुढच्या आरटीओ कॅम्पात काढलं, हेही कबूल करायला हवं. आबांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला होता, फार घट्ट नाही. वाटेत एकच गोष्ट बोलले. म्हणाले, "हळू चाललास तरी चालंल. आज काय टँकर निघत न्हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी शीतकरण केंद्राच्या फाटकातून आत गेलो. हात भरून आले होते आणि बंद कशी करायची याचा क्षणभर विसर पडला, पण ती भिंतीशी जाऊन नीट उभी राहिली. साहेब टेबलाशी बसले होते. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलंसुद्धा नाही. एक मोठी वही पुढे ओढली, माझं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, आणि पेन तसंच धरून विचारलं, "गाडी नंबर?"

मला तो माहीत नव्हता. कागद आबांनी घरी ट्रंकेत ठेवले होते. एक मिनिट, साहेब, असं म्हणून मी बाहेर आलो आणि गाडीच्या मागे उकिडवा बसलो. पाटीवर वाळलेल्या गाळाचा थर होता. मी अंगठ्याने तो पुसू लागलो. आधी एक आकडा दिसला, मग दुसरा. आतून साहेबांनी, सापडला का, असं विचारलं. मी सगळे आकडे ओळीने मोकळे केले, आणि विसरू नये म्हणून पुटपुटत परत आत गेलो.