खंडेनवमीची बंदूक

व्हिटबीला आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या बेसमेंटमध्ये एक जुनी अमेरिकन बंदूक टांगलेली असे. एकनळी, एका वेळी एकच काडतूस घेणारी, त्याच्या आजोबांची. दस्त्याचं पॉलिश उडालेलं, एका ठिकाणी तो तारेने बांधलेला. सप्टेंबरअखेरीस, बदकांच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी तिच्यातून वर्षाचा एकच बार काढायची त्यांच्या घरची रीत होती. त्यानंतर तिला तेल देऊन खुंटीला लावायचं काम म्हाताऱ्याच्या मुलाचं.

२०१६ साली खंडेनवमी आणि इथलं ऑक्टोबरातलं थँक्सगिव्हिंग एकाच सोमवारी आली. म्हातारा मुलीकडे गेला होता आणि झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. दरवर्षी मी बर्फाचं फावडं आणि विंटर टायर पुजत असे. त्या वर्षी वाटलं, शेजारी खरं शस्त्र असताना टायर कसले पुजायचे? बंदूक उतरवली, फुलाने पाणी शिंपडलं, ओलं कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने खसखसून पुसली आणि तशीच टांगली. कुंकवाबरोबर तेलही गेलं, हे ध्यानात आलं नाही.

पुढच्या वर्षी बंदूक उघडेना. नळी वाकवून काडतूस घालायची बिजागरी गंजून घट्ट झाली होती.

कुंपणापलीकडून मी सगळं ऐकलं. मुलगा म्हणत होता, "डॅड, मी तेल दिलं होतं." म्हातारा म्हणाला, "पन्नाशी आली तुझी, अजून खोटं बोलतोस?" मी पानं गोळा करत राहिलो.

घरात बायको म्हणाली, "अहो, दुसऱ्याच्या बंदुकीला कुंकू लावायला कोणी सांगितलं होतं? निदान आता तरी जाऊन सांगा."

"उद्या सांगतो," म्हणालो.

मुलाचं येणं कमी झालं. म्हातारा खंगला. शेवटच्या हिवाळ्यात त्याने ती बंदूकच माझ्या हातात दिली. म्हणाला, "तुला वस्तूंची कदर आहे." ती इतकी जुनी की लायसन्ससुद्धा लागत नव्हतं. मी घेतली. तेव्हाही बोललो नाही.

तो गेल्यावर मुलगा घर रिकामं करायला आला. मी बंदूक ब्लँकेटमध्ये गुंडाळून नेली आणि ड्राइव्हवेतच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खंडेनवमी म्हणजे काय ते समजावताना माझं मलाच थकून गेल्यासारखं झालं.

"शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं," तो म्हणाला, "की त्या वर्षी मी तेल द्यायला विसरलो असेन."

"नाही विसरलास."

त्याने बिजागरीच्या फटीत नख घातलं. गंजाबरोबर थोडं लाल कुंकू निघालं. ते त्याने पँटला पुसलं, बंदूक ट्रकमध्ये ठेवली आणि उरलेले खोके आणायला आत गेला. मला थांब म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.