बाईंची दोन सीटची गाडी
बाईंनी एकतीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, पण त्या स्वतः कधी धड गाडी चालवत नव्हत्या. सांगून कुणाला पटणार नाही, पण खरं तेच होतं. शिकणारा उजवीकडे स्टिअरिंगवर, बाई डावीकडे. त्यांच्या पायाशी जादाची दोन पेडलं: डावं क्लचचं, उजवं ब्रेकचं. दिवस असा संपला की घरच्या गाडीची किल्ली नवऱ्याकडे. "दिवसभर गाडीतच असतेस, आता आराम कर," असं तो प्रेमानं म्हणायचा, आणि प्रेमानं बोलणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

बाईंचा दरारा मोठा होता. शिकायला येणाऱ्याची चप्पल आधी तपासायच्या, मग चेहरा. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं बारसं व्हायचं. एक उंचापुरा माणूस दर सिग्नलला गाडी बंद पाडायचा, तो झाला बंद्या. आज चाळिशी ओलांडलेला हा बंद्या लांब पल्ल्यावर गाड्या पोचवणारा ट्रक चालवतो, आणि नाव अजून तेच सांगतो.

साठी झाल्यावर बाईंनी शिकवणं थांबवलं आणि सातशे किलोमीटरवरच्या एका म्हाताऱ्या दंतवैद्याकडून जुनी स्पोर्ट्स कार घेतली. गडद लाल, उघड्या टपाची, वयानं बाईंपेक्षा थोडीच लहान. "या वयात हे काय खूळ?" असं नातेवाइकांनी विचारलं. बाईंना ती गाडी स्वतः चालवत घरी आणायची होती, बस. नवऱ्यानं मात्र परस्पर बंद्याला फोन केला. "गाडी ट्रकवर चढव आणि हिला केबिनमध्ये शेजारी बसव."

म्हणजे पुन्हा डावीकडेच. बाई मनातून धुमसतच ट्रकमध्ये चढल्या.

दंतवैद्याच्या अंगणात त्या पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसल्या. गाडी गोड आवाजात सुरू झाली, झाडाला वळसा घालून आली. थांबायचं म्हणून बाईंनी पाय दाबला, आणि गाडी थेट भिंतीकडे झेपावली. हँडब्रेक ओढला म्हणून वाचल्या. भिंत वीतभर अंतरावर होती.

एकतीस वर्षं त्यांच्या पायाखाली सगळ्यात उजवं पेडल ब्रेकचंच होतं. या गाडीत त्या जागी अ‍ॅक्सिलरेटर होता. सबंध शहराला ब्रेक कुठे असतो हे शिकवणाऱ्या बाईंचा पाय नेमका ब्रेकवरच चुकला होता.

बंद्या हसला नाही. "बाई, रॅम्प लावून गाडी ट्रकवर चढवू का?" एवढंच त्यानं हळू आवाजात विचारलं.

बाईंचे कान लाल झाले होते. हो म्हणावं आणि केबिनमध्ये जाऊन बसावं, असं क्षणभर वाटलंही. मग शिकायला आलेल्या एखाद्या बाईकडे पाहावं तसं त्यांनी स्वतःकडे पाहिलं. ही बाई भित्री नव्हती, मंद नव्हती. हिला फक्त चुकीची सवय लागली होती. अशा किती जणांना त्यांनी सरळ केलं होतं.

"रॅम्प राहू दे," त्या म्हणाल्या. "तू रिकामा ट्रक घेऊन माझ्या मागून यायचं. पण उद्या. आज मी शिकणार आहे."

मग दिवसभर त्या अंगणात एकच धडा चालला. गाडी दहा पावलं पुढे, थांब. दहा पावलं मागे, थांब. दर वेळी बाई स्वतःला दटावायच्या, "मधलं. मधलं पेडल, बाई." दंतवैद्यानं तीनदा चहा केला, मग कंटाळून आत जाऊन झोपला. संध्याकाळपर्यंत बाईंची पोटरी दगडासारखी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. गाडी इतकी बुटकी की शेजारून जाणाऱ्या ट्रकची चाकं कानाशी यायची. प्रत्येक गतिरोधक तिरका घ्यावा लागे, नाहीतर पोट घासलंच. मागे बंद्याचा लांबलचक रिकामा ट्रक. लोक वळून वळून बघत होते. वाटेत एका लॉजवर मुक्काम झाला आणि बाई गाढ झोपल्या.

घर तासाभरावर आलं असताना एका गोदामाच्या फाटकातून टेम्पो मागे न बघता उलटा रस्त्यावर आला. बाईंना ‘मधलं’ म्हणायलाही वेळ मिळाला नाही. गाडी थांबली. टेम्पो हातभर पुढे उभा होता आणि बाईंचा पाय मधल्या पेडलवर होता.

मागून बंद्या धावत आला. "बाई, ठीक आहात ना?"

"ठीक?" बाई म्हणाल्या. "अरे, पाय आपोआप गेला." त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरले होते; दोन्ही त्यांनी लपवलं नाही.

घरी पोचल्या तेव्हा नवरा फाटकात उभा होता. दुपारपासून तिथेच घुटमळत असणार, चेहऱ्यावरून कळतच होतं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, बाईंकडे नीट पाहून घेतलं, आणि सवयीनं किल्लीसाठी हात पुढे केला. "फाटक अरुंद आहे. उतर, मी आत घेतो."

"आत नंतर," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्या बाजूनं बसा. आधी एक चक्कर मारून येऊ."

तो वळसा घालून गेला, वाकून कसाबसा आत शिरला आणि त्यानं दार लावून घेतलं. समोर रस्ता होता, पण हाताशी काहीच नव्हतं.

"हात कुठे ठेवू गं?" त्यानं विचारलं.

"मांडीवर," बाई गिअर टाकत म्हणाल्या. "होते सवय."