फ्लेचरच्या फाटकावरची पाटी

रिसालीच्या गणपतीत नत्थू कापगते गोरा साहेब होऊन स्टेजवर आला की आयाबाया कडाकडा बोटं मोडायच्या. नत्थूला तीच टाळ्यांसारखी वाटायची. भंडाऱ्याकडची झाडीपट्टीची नाटकं बघत तो वाढलेला. पोलादाच्या प्लांटात रेल्वेचे रूळ घडवता घडवता नोकरी संपली, तोंडाचा रंग काही उतरला नाही.

नाटकात त्या साहेबाला नाव नव्हतं. पण झाडीपट्टीचा नट लिहिलेल्यावर थोडाच भागवतो! दोन वर्षांमागे ऐन रंगात नत्थूनं पदरचं वाक्य घातलं, "मी फ्लेचर! लगान टाक, नाहीतर चामडी सोलतो!" मांडव उसळला.

नाव शेजाऱ्याचं होतं. पीटर फ्लेचर, रेल्वेचा रिटायर ड्रायव्हर, नागपूरच्या अजनीत वाढलेला. साहेबाची टोपीसुद्धा त्यानंच हौसेनं, ब्रश मारून दिलेली.

तेव्हापासून पोरं त्याच्या फाटकाशी ओरडू लागली, "फ्लेचर, लगान टाक!" यंदा गणपतीच्या तोंडावर नत्थूला दिसलं, फाटकावर नावाची पाटीच नाही. नुसती स्क्रूची भोकं.

"पाटी कावून काढली, पीटरभाऊ?"

"पोरायचे गोटे लागून वाकली ना बाप्पा." फ्लेचरनं चहा पुढे केला. "तुले मालूम हाय, फ्लेचर म्हनजे काय? विलायतेत बाणाले पिसं लावनारा. आपल्याकडं लोहार, सुतार असते, तसा. मंग बंदुका आल्या, धंदा बुडाला, नाव तेवढं राह्यलं. माहा पणजा इकडं आला तो इंजनात कोळसा टाकाले. आमाले कोन लगान वसूल कराले पाठवते?"

तो हसला. नत्थूनं अर्धा कप तसाच खाली ठेवला.

यंदा नत्थूनं एन्ट्री घेतली आणि नुसतं म्हटलं, "मी साहेब!" खालून पोरं ओरडली, "फ्लेचर! फ्लेचर!"

नत्थूनं टोपी काढली. "पोरंहो, फ्लेचर माहा शेजारी हाय. लई भला मानूस. म्या त्याचं नाव चोरलं. चूक माही हाय."

मांडव हशानं दणाणला. "वा नत्थूभाऊ! नवीन डायलॉग!" शिट्ट्या, टाळ्या. लोकांना वाटलं, हेही पदरचंच. जन्मभर टाळीसाठी जीव टाकणाऱ्या माणसाला त्या दिवशी टाळी चाबकासारखी लागली.

सकाळी तो टोपी परत द्यायला गेला.

"ठेव ना बे," फ्लेचर म्हणाला, "पुढच्या साली लागन."

"मले नाही लागत आता. ते पाटी दे."

नत्थूनं ती पायरीवर ठेवून हातोडीनं हलक्या हातानं सरळ केली, अक्षरांवरची धूळ पुसली. मग खिशातून पेचकस काढला. "लावू?"

फ्लेचरनं रस्त्याकडं पाहिलं. पोरं मांडवाकडं पळत होती.

"गणपती जाऊ दे," तो हळूच म्हणाला आणि पाटी घेऊन आत गेला.

नत्थू घरी गेला नाही. फाटकाशीच बसला. पोरांचा पुढचा घोळका येताना दिसला, तसं त्यानं हाक मारली, "इकडं या रे. बाणाले पिसं कावून लावते, मालूम हाय का?"