रोहिणीच्या जीन्सची उंची

साजगाव फाट्यावर विलास टेलरचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं पोट आत घ्यावं एवढी जागा. एक मशीन, एक टेबल आणि कोपऱ्यात कपडे बदलायला जुन्या चादरीचा पडदा. नवं शिवायचं काम केव्हाच संपलं. लोक तयार कपडे घेतात आणि विलासकडे फक्त कापायला आणतात. कंपनीतली पोरं, वाड्यांवरच्या मुली, हायवेवरच्या हॉटेलातले वेटर, सगळ्यांच्या जीन्स एकाच ढिगात पडतात. रोज सकाळी त्या ढिगाकडे बघून विलासच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो म्हणजे "शी!"

किळस त्याला मळाची नव्हती. शेतातला चिखल, मशीनचं तेल, कंपनीतल्या रसायनांचा वास, हे सगळं तो निमूट सोसायचा. किळस यायची ती लोकांच्या आवडीची. जीन्स कशी असावी याबद्दल त्याचं मत ठाम होतं आणि कुणी न विचारताच मिळायचं. कमरेवर बसावी, ढुंगणावरून घसरू नये. मांडीला चिकटू नये. खाली बुटावर टेकावी आणि पुढे एकच चुणी पडावी. बाईमाणसाची असेल तर घोट्यापाशी संपावी. याच्या पलीकडचं सगळं त्याच्या लेखी घाण होतं.

कंपनीत कामाला जाणारा स्वप्नील दोन वर्षांपूर्वी घोट्याच्या वर चार बोटं कापून घ्यायचा, आणि खाली पायाशी मोहरी इतकी अरुंद की बघवत नसे. "पाय आत घालताना साबण लावतोस काय रं?" विलास विचारायचा. आता तोच स्वप्नील पोत्यासारखी ढगळ जीन्स घेऊन आला. विलासनं ती दोन बोटांनी उचलली, मेलेला उंदीर उचलावा तशी. "तवा चिखलणीला निघाल्यासारखा दिसायचास, आता बापाची चोरून घातल्यासारखा दिसशील."

"तुमी फक्त कंबर आवळा काका. घालायची मला हाय," स्वप्नील हसून म्हणाला.

विलासनं कंबर आवळली, आणि न सांगता मोहरीही एक इंच आत घेतली. ही त्याची जुनी खोड होती. गिऱ्हाइकानं सांगितलं एक, की हा त्यातून इंचभर आपल्या मताकडे ओढायचा. कुणाला कळायचं नाही, कारण घरी जाऊन टेप लावून कोण बघतंय? विलासला ती लबाडी वाटत नव्हती. आपण फाट्यावरच्या लोकांना जरा माणसात आणतोय अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. बायको, चंद्राबाई, कधीमधी म्हणायची, "अहो, लोक सांगतात तसं करा की." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "मग मी कशाला पायजे? कात्रीच देतो त्यांच्या हातात." पालथ्या घड्यावर पाणी. चंद्राबाईनं पुढे बोलणंच सोडलं.

सगळ्यात जास्त घृणा त्याला जमिनीवर लोळणाऱ्या जीन्सची. फाट्यावर काय नसतं? पानाच्या पिचकाऱ्या, शेण, ट्रकमधून गळलेलं तेल. ते सगळं पुसत पुसत ही पोरं यायची आणि तीच कड मशीनवर ठेवायची. मशीन म्हणजे लक्ष्मी, दसऱ्याला तिला झेंडूची माळ चढते. म्हणून दुकानाचा एक कडक नियम होता: चप्पल, बूट सगळं बाहेर पायरीखाली. अनवाणी झाल्याशिवाय आत पाऊल नाही. गावातला सावकार असो की कंपनीचा साहेब, विलास पायाकडे बोट दाखवायचा.

रोहिणी आली ती एका गुरुवारी, भर दुपारी. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरची पोरगी, वीस-एकवीसची. पायताण तिनं पायरीखाली काढलं आणि टेबलाला धरून उभी राहिली. पिशवीतून काळी जीन्स काढली. नवीकोरी, चांगली रुंद आणि भलती लांब.

"कंबर दोन इंच कमी करा काका. कुंभिवलीला हायवेवर नवं मोठं हॉटेल झालंय ना, तिथं काउंटरला लागलेय मी. काळी जीन्स आनि लाल टीशर्ट, असाच डिरेस हाय. सोमवारी पयला दिवस."

"आनि ही लांबी?" विलासचं नाक आधीच वर गेलं होतं. "हिनं काय हायवे झाडणार हायस?"

"खालून हात लावू नका. जमिनीला टेकली पायजे."

"शी! सगळ्यांना एकच रोग. शेणात लोळवायची जीन्स?"

"मला तशीच पायजे काका," रोहिणी हळू पण ठाम बोलली. ती अजून टेबलावर रेललेली होती. विलासला त्याचाही राग आला. "आनि जरा सरळ उभी राहा गं. टेबल मोडंल." ती सरळ उभी राहिली नाही. शनिवारी येते म्हणाली आणि गेली. विलास तोवर ढिगाकडे वळलेला होता. ती कशी चालत गेली ते त्यानं पाहिलं नाही.

शनिवारी जीन्स तयार नव्हती. रविवारीही नव्हती. टेलरचा उद्या कधी उगवतो ते देवाला ठाऊक. रविवारी संध्याकाळी मात्र त्यानं ती हातात घेतली, कंबर छान आवळली, आणि मग ती लोळणारी मोहरी मांडीवर पसरली. त्याला शिसारी आली. चांगली गरीब घरची पोरगी, पहिली नोकरी, आणि या असल्या अवतारात साहेबासमोर उभी राहणार? त्यानं मुलीची उंची डोळ्यांसमोर आणली, खडूनं रेघ मारली आणि कचकच चार इंच कापले. मोहरीही अरुंद केली. अशी सफाईदार शिलाई त्यानं महिन्यात घातली नव्हती. वर हे सगळं फुकट. कापलेले तुकडे शेजारच्या गॅरेजवाल्यानं हात पुसायला नेले.

सोमवारी आठ वाजता रोहिणी आली तेव्हा तिच्या अंगात लाल टीशर्ट होता आणि खाली सलवार. पडद्यामागे ती जीन्स घालायला गेली. विलास ऐटीत बसून होता, काहीतरी कौतुक कानावर येईल म्हणून.

मग ती भिंतीला धरत बाहेर आली. पायरीवर बसली आणि बूट घालू लागली. उजव्या पायात साधा काळा बूट. डाव्या पायात दुसरा, ज्याला खाली चांगला चार बोटं जाड तळ होता, घोड्याच्या खुरासारखा. ती उठली तेव्हा दोन्ही पायांवर नीट उभी राहिली. आणि विलासनं कापलेल्या त्या सुरेख काळ्या कडेखाली तो जाड तळ सगळाच्या सगळा उघडा पडला. बस पकडायला धावणारा माणूसही वळून बघेल असा.

विलासची ऐट उतरली. "अगं... तू सांगायचंस की."

"सांगितलं की. जमिनीला टेकली पायजे म्हनून."

"तसं नाय गं, ह्ये... पायाचं."

"टेंपोनं उडवून पाय आखूड झाला त्याला सा वर्षं झाली, समद्यांना सांगतच आलेय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मुलाखत खुर्चीत बसूनच झाली. म्या ताकाला तूर लागू दिली नव्हती. मनात म्हनलं, महिनाभर काम बघू दे त्यांना माझं. मग बघू दे पाय."

"थांब, कापड जोडून देतो. दहा मिनिटं." तो उठला, खाली वाकला आणि मग त्याला आठवलं की तुकडे गॅरेजमध्ये काळ्या तेलात भिजून पडलेत.

"नवाची हजेरी हाय," रोहिणी म्हणाली आणि शेअर रिक्षाकडे निघाली. रिक्षातल्या दोन बायकांनी आधी तिच्या तोंडाकडे बघितलं, मग खाली, मग एकमेकींकडे. विलासनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

त्या दिवशी त्याला जन्मात कधी आली नाही एवढी किळस आली, आणि ती कुणाच्या जीन्सची नव्हती. आपल्या हातांची, त्या कात्रीची, आणि आपल्या त्या ऐटीत बसण्याची. माणसांच्या पोशाखाला नावं ठेवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, आणि एकदाही त्यानं विचारलं नव्हतं, का रे बाबा, तुला असं का हवंय? दुपारी त्यानं खोपोलीच्या बाजारातून तसलीच, भरपूर लांब, रुंद काळी जीन्स विकत आणली. तिला कात्री लावली नाही. ती कागदात गुंडाळून तो संध्याकाळी सहापासून फाट्यावर उभा राहिला.

सातला रोहिणी उतरली. थकलेली होती, पण रडलेली दिसत नव्हती.

"कामावर ठेवली का गं?" त्यानं पुढे होऊन विचारलं.

"ठेवली."

त्याचा जीव भांड्यात पडला. "कुनी काय बोललं?"

"बोललं नाय कुनी. बघितला समद्यांनी. साहेबानं बघितला, भांडी घासनारीनं बघितला, गिऱ्हाइकांच्या पोरांनी बोट दाखवून बघितला. दुपारनंतर कंटाळले."

"बरं झालं मग, एका अर्थी," विलास घाईनं म्हणाला. "सुटलीस झाकपाकीतून." आणि पुडकं पुढे केलं. "ही घे. जमिनीला टेकंल अशी."

तिनं पुडक्याकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"आता काय झाकू काका? जे बघायचं ते बघून झालं त्यांचं." मग ती म्हणाली, "कवा दाखवायचा ते माझं म्या ठरवलं व्हतं. तेवढं एक माझ्या हातात व्हतं."

ती वाडीच्या वाटेला लागली. विलास पुडकं हातात घेऊन तिच्या अंगातल्या जीन्सकडे बघत राहिला. कंबर नीट बसली होती, मांडीला कुठे ओढ नव्हती, मोहरी घोट्यापाशी बेतात संपत होती. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती, आणि त्याला ते बघवत नव्हतं.